सहाव्या रिळातली उडी

२ डिसेंबर

लावला! सकाळी थिएटरचं कुलूप काढायला गेले तर दारावर फलक — ‘दरवर्षीप्रमाणे नाताळचा सिनेमा, २४ डिसेंबर, दुपारी तीनचा खेळ.’ आता सुटका नाही. आजपासून तीन आठवडे सगळं गाव तेच गाणं गुणगुणणार. औषधवाला गोळ्या मोजताना गुणगुणतो. पोस्टातली बाई शिक्के मारताना त्याच ठेक्यावर मारते. दंतवैद्यसुद्धा सोडत नाही — माझ्या तोंडात हात घालून, ‘खिडकीत कंदील राहू दे, मी वाटेवर आहे!’ चावावंसं वाटलं.

लोकांचे डोळे काय भरून येतात! बर्फात अडकलेली गाडी, म्हातारा स्टेशनमास्तर, वेटिंग रूममध्ये रात्र काढणारे प्रवासी, आणि शेवटी कंदील घेऊन फलाटावर आलेलं अख्खं गाव. सतरा वर्षं मी हा सिनेमा स्वतःच्या हाताने चालवतेय. माझ्या डोळ्यांत एकदाच पाणी आलं, तेही रिळाच्या डब्यात बोट चिमटलं म्हणून.

वाटेवर आहे म्हणे. वाटेवर असणारी माणसं येतात का कधी? माझी आई मी सहा वर्षांची असताना वाटेला लागली. ती काही आली नाही. अकरा वर्षांनी एक पत्र आलं, कुण्या अनोळखी बाईचं, की ती वारली. एवढंच.

५ डिसेंबर

धाकट्या मालकांनी बोलावलं. (वय वर्षं अठ्ठावन्न, तरी धाकटेच. थोरले मालक जाऊन वीस वर्षं झाली.) खूश होते. सिनेमाला यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून कंपनीने त्याची नवी कॉपी काढली आहे — धुऊनपुसून, एकही चरा नाही, पहिल्या दिवशी होती तशी अख्खी. यंदा नवीन मशीनवर तीच लावायची.

मी म्हटलं, बरं झालं. आमच्या जुन्या प्रिंटला व्हिनेगरचा वास यायला लागलाय. डबा उघडला की डोळे चुरचुरतात. कधी तुटेल याचा नेम नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट चहातच राहिलं.

“नवी लावू नकोस.”

“का?”

“आपली प्रिंट चालते अजून.”

“तुमची प्रिंट सडलीय, बाबा!”

“मी नीट करून देतो. तू ती नवी लावू नकोस.”

हात बघा त्यांचे! चमचा धरताना बशी वाजते, आणि म्हणे नीट करून देतो. चव्वेचाळीस वर्षं त्या मशीनपाशी घालवली, बायकोपाशी चार तास सलग बसले असतील तर शपथ. आई का गेली हे मला कुणी सांगावं लागत नाही. त्या मशीनशी या माणसाचं लग्न लागलेलं होतं. आता मशीनही गेलं तर उरतं काय, म्हणून हा हट्ट.

६ डिसेंबर

परत तेच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. “नवी लावू नकोस.” गोळ्यांसारखं, दिवसातून तीनदा.

९ डिसेंबर

आज भांडण झालं. म्हणजे मी भांडले, ते गप्प.

मी म्हटलं, लोकांना चांगला सिनेमा बघू द्या ना. ते म्हणाले, “लोकांना उडी हवी असते.”

हे मात्र खरं आहे. आमच्या गावाचं हे एक वेड! शेवटच्या, सहाव्या रिळात ते गाणं आहे. दुसरं कडवं संपतं, फलाटावर कंदील हलत असतात, आणि — खट्! चित्र उडतं. एकदम गाडी स्टेशनाबाहेर, धूर, शिट्टी, समाप्त. प्रिंटला तिथे मोठा जोड आहे. पण लोकांना ते कुठे ठाऊक! त्यांना वाटतं सिनेमाच तसा काढलाय. मग त्या क्षणी अख्खं थिएटर खुर्चीतून उडी मारून उभं राहतं आणि ओरडतं — “सुटली!” बापांनी पोरांना शिकवलं, पोरांनी त्यांच्या पोरांना. दुसऱ्या गावाहून आलेला पाहुणा घाबरतो. गेल्या साली एकाची टोपी दोन रांगा पुढे गेली.

लहानपणी मीही बाबांना विचारलं होतं, जोड कसला. म्हणाले, “तुटली होती.” बस्.

फिल्म तुटली की दोन्ही टोकं कापायची, खरवडायची, चिकटवायची. एकेक दोन-दोन फ्रेम जातात. बाबांनी त्याची वही ठेवली — जोडवही. तारीख, कितवं रीळ, किती फ्रेम कापल्या, कारण. ‘कडेची भोकं फाटली.’ ‘दिव्याने जळाली.’ कारणाचा रकाना कधी रिकामा नाही. मला काम शिकवताना पहिलं वाक्य तेच — “कापलेलं लिहून ठेवायचं. दुसऱ्याने जीव ओतून काढलेलं असतं ते.” बायको गेली त्याची नोंद कुठेच नाही, फ्रेमची मात्र आहे!

रागावलेय, तरी एक लिहून ठेवते. मशीनच्या केबिनमधली माझी पहिली आठवण चांगली आहे. मी सहा वर्षांची. शाळेला सुट्टी. मला स्टुलावर उभं केलं होतं आणि बाबा टेबलावर वाकून म्हणाले, “कात्री दे.” खिळ्याला लटकवलेली मोठी कात्री मी दोन्ही हातांनी काढून दिली. आयुष्यात मला मिळालेलं पहिलं काम! किती मोठी झाल्यासारखं वाटलं होतं. त्या साली आई गेली होती, बाकी काहीच चांगलं आठवत नाही. ही कात्री आठवते.

१२ डिसेंबर

लेकीचा फोन. तेवीसला येतेय. ती राहते तिथल्या मैत्रिणींना ‘सुटली!’ शिकवलंय म्हणे, मोबाइलची रिंगही तेच गाणं.

“आई, तुला त्या गाण्याने कधीच काही होत नाही का गं?”

“होतं. डोकं दुखतं.”

हसली. मग आजोबांशी बोलायला मागितलं. बाबा दहा मिनिटं तिच्याशी बोलले. दहा! माझ्याशी आठवड्याचा हिशोब धरला तरी एवढं होत नाही.

१५ डिसेंबर

नवी कॉपी आली. आमचा सिनेमा सहा डबे, उचलायला दोन माणसं. हा एक काळा ठोकळा, वहीएवढा. मी पिशवीत घालून आणला.

सोबतच्या कागदावर लांबी — एक तास एकावन्न मिनिटं. आमची एक तास एकोणपन्नास. दोन मिनिटांचा फरक. इतकी वर्षं तुटत, जोडत आलोय, जाणारच थोडं. पण दोन मिनिटं? एकेक फ्रेमने?

उद्या सकाळी दहाला चाचणी.

१६ डिसेंबर

राग आलाय. नीट लिहिते.

सकाळी थिएटरात तिघंच. मी, धाकटे मालक आणि तिकीटवाली मावशी. (मावशी सख्खी नव्हे. तिकीटखिडकीत पन्नास वर्षं बसलेली. आई गेल्यावर माझी वेणी तिनेच घातली.) बाबांना बोलावलं होतं, आले नाहीत.

चित्र काय स्वच्छ! बर्फाचा एकेक कण दिसतो. मालक सारखे “वा! वा!” शेवटचं गाणं आलं. दुसरं कडवं संपलं. मालक उडी मारून उभे राहिले — “सु —”

गाडी सुटलीच नाही.

तिसरं कडवं आहे! इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं की त्या गाण्याला तिसरं कडवं आहे. कॅमेरा फलाटावरच्या गर्दीतून फिरतो. म्हातारे, पोरं, बाया. मग एका मुलीवर थांबतो. अठरा-एकोणीस वर्षांची, डोक्याला रुमाल, हातात कंदील. ती एकटी एक ओळ गाते, सरळ आपल्याकडे बघून —

‘आले नाही तर रागावू नका, वाट लांब आहे.’

आणि गाता गाता डाव्या हाताच्या करंगळीने केस कानामागे घेते.

हे मी करते. करंगळीने. लेक मला चिडवते त्यावरून. माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे, लग्नातला, त्यात ती खाली बघतेय. पण मला फोटो काढून बघावा लागला नाही. मी तिच्यासारखी दिसते हे मला आज, या वयात, पडद्यावर कळलं!

मावशी तिसऱ्या कडव्याच्या मध्येच उठून बाहेर गेली. तिला माहीत होतं.

मालकांना काही कळलंच नाही. ते कंपनीला फोन लावून तावातावाने — “अहो, तुमच्या कॉपीत उडीच नाही! असं कसं चालेल? पन्नास वर्षांत असं झालं नाही!” पलीकडचा माणूस विचारत असावा कसली उडी. मालक त्याला रिकाम्या थिएटरात उडी मारून दाखवत होते. फोनवर!

दुसरा कुठला दिवस असता तर मी हसले असते.

१७ डिसेंबर

विचारलं. सरळ. बूटसुद्धा काढले नाहीत.

“तिसऱ्या कडव्यात आई आहे.”

बाबा खिडकीपाशी बसले होते.

“हो.”

“कुणी कापलं?”

“मी.”

“का?”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

“का कापलंत, बाबा? माझ्याकडे तिचा एक धड फोटो नाही! आवाज कसा होता ते मला आठवत नाही! आणि ती तिथे होती — गात होती — पडद्यावर दरवर्षी दिसली असती! तुम्हाला सोडून गेली म्हणून तिला कापून टाकलंत? माझी आई होती ती! माझा विचार केलात?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणाले, “चहा घेतेस?”

चहा!

मी सगळ्या जोडवह्या काढल्या. त्रेचाळीस आहेत, सालवार. आई गेली त्या सालची नाही. बरोब्बर तीच नाही. नऊ आणि अकराच्या मध्ये जागा रिकामी.

“दहावी वही कुठेय?”

“हरवली असेल.”

हरवली असेल! ज्या माणसाने चाळीस वर्षांत खिळा हरवला नाही. चोराला आपलं नाव कुठे लिहिलंय ते बरं ठाऊक होतं.

१८ डिसेंबर

बोलणं बंद. ताट वाढते, ठेवते, निघते.

२० डिसेंबर

मावशीला खिडकीत गाठलं. आधी मूग गिळून बसली. मग सुटे पैसे गल्ल्यात टाकत म्हणाली, “तुला माहीत नाही का, तुझ्या बापाने तुझ्या आईला पहिल्यांदा कुठे बघितलं?”

मला ‘सिनेमामुळे ओळख झाली’ इतकंच माहीत होतं.

“त्या कडव्यात. सिनेमा नवीन आला तेव्हा आठवडाभर होता. रोज तीन खेळ. तुझा बाप ऑपरेटर, चोवीस वर्षांचा. चौथ्या दिवशी मला म्हणतो, कंदीलवाली मुलगी बघितलीस? मी म्हटलं, पन्नास कंदीलवाल्या आहेत. तर म्हणतो, नाही, एकच आहे. आठवडा संपला, रजा टाकली आणि ज्या गावात तो सिनेमा काढला होता तिथे गेला. आयुष्यातली एकुलती एक रजा! गावकऱ्यांनाच गर्दीत उभं केलं होतं. ती तिथल्या शाळेत शिवण शिकवायची. महिन्याने घेऊनच आला.”

“आणि मग तेच कापलं.”

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खोटी नोट दिली.

“तू बापाशी बोल.”

“ते बोलत नाहीत!”

“तू विचारत नाहीस. तू ओरडतेस.”

हिलाही तोच गोड वाटतो! सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणतं. गरीब बिचारा ऑपरेटर, बायको सोडून गेली, एकट्याने पोर वाढवली. जिच्यासाठी हा माणूस परगावी धावला तिलाच कात्रीने कापून फेकतो, इतका राग मनात धरतो, आणि वर चाळीस वर्षं ‘तुटली होती’ म्हणून सांगतो! आणि लोक त्या जागी उड्या मारतात! माझी आई जिथे कापली तिथे अख्खं गाव टाळ्या पिटतं, मीसुद्धा लहानपणी पिटल्या. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मावशीला विचारलं, कुणालाच कळलं नाही का तेव्हा?

“पहिल्या साली थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या साली एका पोराने उडी मारली. तिसऱ्या साली सगळ्यांनी. मग ती उडीच खरी झाली.”

२१ डिसेंबर

गावात बातमी फुटली — उडी नाही! औषधवाला दुकान सोडून आला. दंतवैद्य आला. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, “ताई, हा आमच्या लहानपणाचा प्रश्न आहे.” लहानपणाचा! माझ्या लहानपणाचं काय?

धाकट्या मालकांनी तोडगा काढला. “ताई, त्या जागी तुम्ही मशीनच्या भिंगावर हात ठेवा. दोन मिनिटं अंधार. मग गाडी. लोक उडी मारतील, सगळे खूश.”

मी म्हटलं, “मालक, त्या जागी मी हात ठेवला तर दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाही.”

ते गडबडले. “नाही म्हणजे — तुम्ही म्हणाल तसं.”

संध्याकाळी मावशीकडून निरोप. बाबांचा. घरात समोरासमोर बसतो आम्ही, आणि निरोप मावशीकडून! “जुनी प्रिंट लावायला सांग. नाहीतर तो खेळ तरी दुसऱ्या कुणाला चालवू दे. तिने तिथे बसू नये.”

मी बसू नये! का? तुमचं पाप मी बघितलं म्हणून?

नवीच लावणार. अख्खी. आणि बाबांना थिएटरात बसवणार. बघू देत चारशे माणसांत, कुणाला कापलं ते.

२३ डिसेंबर

लेक आली. येताच आजोबांच्या गळ्यात पडली. मग सगळं ऐकलं आणि म्हणाली, “आई, तू त्यांना शिक्षा करायला निघालीयस.”

“हो.”

“आजोबा किती बारीक झालेत ते बघितलंस?”

बघितलंय. आठवडाभर अर्धं ताट परत येतंय. म्हणून काय झालं? मी चाळीस वर्षं अर्धीच जेवलेय.

हे वाक्य लिहून मलाच बरं वाटलं नाही. पण खोडणार नाही.

२४ डिसेंबर

थिएटर भरलेलं. पायऱ्यांवरसुद्धा माणसं. लेकीने बाबांना बाल्कनीत आणलं, शेवटच्या रांगेत, माझ्या केबिनच्या झरोक्याच्या खाली — त्यांची नेहमीची जागा. कोट घातला होता. गुंड्या लेकीने लावल्या असणार, वरची एक चुकली होती.

नवीन मशीनला काही करावं लागत नाही. बटण दाबायचं आणि बसायचं. पूर्वी सहाव्या रिळाला माझं लक्ष जोडाकडे असायचं, सुटेल की काय म्हणून. आज नुसती बघत बसले.

दुसरं कडवं संपलं. सवयीने चारशे माणसं उडी मारून उभी राहिली — “सुटली!”

नाही सुटली.

एक लहान मूल मोठ्याने म्हणालं, “गाडी कुठेय?” थोडे हसले. मग थांबले. तिसरं कडवं सुरू झालं होतं. खाली बसायला कुणालाच सुचलं नाही. अख्खं थिएटर उभं, आणि पडद्यावर माझी आई. ‘आले नाही तर रागावू नका.’ करंगळीने केस मागे. दंतवैद्य रुमाल शोधत होता.

मी रडले नाही. मी बाबांकडे बघितलं.

ते पडद्याकडे बघतच नव्हते! पाठ फिरवून, वर, माझ्या झरोक्याकडे बघत होते. मशीनचा उजेड तोंडावर, डोळे बारीक केलेले, तरी बघताहेत. आई गात होती तेवढा सगळा वेळ. तिच्याकडे एकदा वळून बघावं! ज्या मुलीसाठी रजा टाकली तिला एकदा! तेवढीही हिंमत नाही.

गाडी सुटली तेव्हा कुणी ओरडलं नाही.

२५ डिसेंबर

सुट्टी. रस्त्यात तीन जणांनी थांबवलं. एकाचं म्हणणं, मजा गेली. एकीचं, असं काही बघितलं नाही कधी. तिसऱ्याला अख्खं तिसरं कडवं पाठ झालेलं! म्हणजे पुढच्या डिसेंबरात माझी धडगत नाही.

सकाळी बाबांचं ताट ठेवताना मीच बोलले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

“बघितलंत काल?”

“तू ठीक आहेस ना?” म्हणाले.

“माझं सोडा! तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत!”

“मी तिला पुष्कळ बघितलंय,” म्हणाले. “तू ठीक आहेस ना?”

दोनदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आधी तोडायचं, मग मलम घेऊन यायचं. दार आपटून बाहेर आले. लेक स्वयंपाकघरात होती. ती उठून आजोबांपाशी आत गेली, आणि तेच जास्त लागलं.

२७ डिसेंबर

लेक गेली. तिला गाडीत बसवून परत येताना मावशी खिडकीतून हाक मारत होती. आज तिकिटं नाहीत, खेळ नाही, तरी बसलेली.

“पुरे झालं,” म्हणाली. “रोज त्याच्या नावाने खडे फोडतेस, मला ऐकवत नाही. त्याने शपथ घातली होती, ती मोडते आज. माझ्या माथी.”

खालच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. एक वही आणि बिस्किटांचा गोल डबा.

“तू केबिनमध्ये काम शिकायला आलीस त्या साली माझ्याकडे दिलं. म्हणाला, वह्या चाळेल ती. ही तिच्या हाती लागता कामा नये.”

“लपवली म्हणजे!”

“घरी जाऊन वाच. आणि पोरी — वाचल्यावर ओरडू नकोस. ओरडायला कुणी नाही तिथे.”

घरी आणलीय. समोर आहे. अजून उघडली नाही. एवढा राग आहे, तरी हात पुढे जात नाही. हा काय प्रकार!

२८ डिसेंबर

वाचली. आहे तसं उतरवते.

‘२४ डिसेंबर. सकाळ. सहावं रीळ. २६८८ फ्रेम. कारण — पोरगी म्हणाली, आई खोटं गाते, तिला काढा. दोन दिवस जेवली नव्हती. कात्री तिनेच दिली.’

खाली वेगळ्या शाईत, ‘तुकडा डब्यात आहे. मोठी झाल्यावर तिला आठवलं आणि मागितला तर द्यायचा. आठवलं नाही तर सांगायचं नाही.’

बाबा आत झोपलेत. उठले की चहा करणार आहे. दोन कप.